ऑस्करच्या यादीत न आलेला अभिनय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की ठरलेले प्रश्न यायला सुरुवात होते: अमक्याचं नाव कसं नाही, तमकीला कुणी अडवलं, हे ठरवतं तरी कोण. त्यातले सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. चर्चा मुख्यतः ऑस्करच्या अभिनयाच्या चार पुरस्कारांची आहे: मुख्य अभिनेता, मुख्य अभिनेत्री, सहायक अभिनेता, सहायक अभिनेत्री. दिलेलं वर्ष चित्रपटाचं आहे. सोहळा त्याच्या पुढच्या वर्षी होतो.

१. 'डावललं' नेमकं कधी म्हणायचं? नामांकन मिळूनही हरला तर तो डावललेलाच ना?

नाही. ग्लेन क्लोज आणि पीटर ओ'टूल यांना आठ-आठ नामांकनं मिळाली आणि स्पर्धेतली ऑस्करची बाहुली एकदाही हाती आली नाही. चुटपुट लागावी अशीच गोष्ट आहे, पण त्यांची दखल आठ वेळा घेतली गेली होती. या पानावर ज्यांची नावं नामांकन मिळणाऱ्या पहिल्या पाचांत आलीच नाहीत, त्यांच्याबद्दल बोलू.

आणखी एक. 'डावललं' म्हटलं की कुणीतरी मुद्दाम नाव खोडलं असं वाटतं. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. मतमोजणीत नाव गळतं, आणि ते का गळतं हे प्रश्न ३ मध्ये आहे. अपवाद आहेत, तेही पुढे येतील.

२. नामांकनं कोण ठरवतं? परीक्षक मंडळ असतं का?

परीक्षक मंडळ नसतं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सभासदांचे व्यवसायानुसार विभाग आहेत; अभिनयाची नामांकनं फक्त नट-नट्यांचा विभाग ठरवतो. हा अकादमीतला सगळ्यात मोठा विभाग. नामांकनं ठरली की अंतिम मतदान मात्र सगळे सभासद करतात: छायाचित्रकार, संकलक, निर्माते, सगळे. म्हणजे यादीत नाव नसलं, तर ते नटांच्याच बिरादरीने दिलेलं नसतं. हे लक्षात घेतलं तर अनेक आश्चर्यांचा थोडा उलगडा होतो. नटांना कोणत्या कामात कष्ट 'दिसतात', यावर बरंच अवलंबून असतं.

३. ज्याला विचारावं तो म्हणतो काम अप्रतिम होतं. मग नाव गळतं कसं?

कारण इथे नुसतं 'आवडलं' मोजलं जात नाही, 'सगळ्यात जास्त आवडलं' मोजलं जातं. प्रत्येक मतदार पाच नावं पसंतीक्रमाने लिहितो. मोजणीची ढोबळ रीत अशी: समजा १,२०० मतपत्रिका आल्या. जागा पाच, म्हणून १,२०० ला सहाने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. कोटा आला २०१. ज्याला पहिल्या पसंतीची २०१ मतं मिळाली तो आत. सहानेच का भागायचं? पाच जणांनी २०१ घेतली की १,००५ संपतात, उरतात १९५. सहावा कोटा गाठूच शकत नाही.

जागा भरल्या नाहीत तर ज्याला पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मतं आहेत त्याला बाद करतात, आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या नावाकडे जातात. मेख इथेच आहे. समजा एका नटाला ७०० जणांनी दुसरं किंवा तिसरं ठेवलंय, पण पहिलं ठेवणारे जेमतेम ४० आहेत. ती ७०० मतं त्याच्याकडे वळण्याआधीच तो बाद होऊ शकतो. उलट ज्याचं काम निम्म्या मतदारांना सहन झालेलं नाही, पण सव्वादोनशे जण ज्याच्यासाठी वेडे आहेत, तो पहिल्याच फेरीत आत जातो.

सगळ्यांना बरं वाटणारं, शांत, तोलून केलेलं काम या पद्धतीत मार खातं. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर माझ्या मते इथेच आहे.

४. एकाच वर्षात दोन उत्तम भूमिका केल्या तर फायदा होतो का?

बरेचदा तोटाच होतो. २०१६ मध्ये एमी ॲडम्सचे 'अरायव्हल' आणि 'नॉक्टर्नल ॲनिमल्स' दोन्ही आले. 'अरायव्हल'ला आठ नामांकनं मिळाली आणि ज्या बाईच्या चेहऱ्यावर तो अख्खा चित्रपट उभा आहे, तिलाच मिळालं नाही. दोन चित्रपटांत मतं विभागली गेली, हा अंदाज बहुतेकांनी केला. वर सांगितलेली मोजणी पाहता तो पटण्यासारखा आहे.

केट विन्स्लेटचं २००८ चं उदाहरण याहून गमतीदार आहे, पण त्यात मुख्य-सहायकाची भानगड असल्याने ते पुढच्या उत्तरात.

५. भूमिका मुख्य की सहायक, हे कोण ठरवतं?

स्टुडिओ जाहिरातीत सुचवतो, निर्णय मतदाराचा. मतपत्रिकेवर नाव कुठे लिहायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, असा नियमच आहे. एकच काम दोन्हीकडे पुरेशी मतं मिळवत असेल, तर जिथे कोटा आधी पूर्ण होतो तिथे ते जातं. हा बंदोबस्त बॅरी फिट्झजेराल्डमुळे झाला. 'गोइंग माय वे' (१९४४) मधल्या एकाच भूमिकेसाठी त्याला मुख्य आणि सहायक अशी दोन्ही नामांकनं मिळाली. सहायकाचा पुरस्कार त्याने जिंकलाही. मग अकादमीने नियम बदलला.

विन्स्लेटच्या बाबतीत तिच्या बाजूने 'रेव्होल्युशनरी रोड'साठी मुख्य आणि 'द रीडर'साठी सहायक असा प्रचार झाला. गोल्डन ग्लोबमध्ये तिने दोन्ही पुरस्कार नेले. ऑस्करच्या मतदारांनी मात्र 'द रीडर'चं काम मुख्य मानलं. ती जिंकली, आणि 'रेव्होल्युशनरी रोड'मधलं तिचं काम कायमचं यादीबाहेर राहिलं. मला ते काम जास्त मोलाचं वाटतं, पण तो वाद इथे नको.

उलटी गंमत 'जूडास अँड द ब्लॅक मसाया'ची (२०२०). डॅनियल कलूया आणि लकीथ स्टॅनफील्ड, दोघेही सहायक! मग त्या चित्रपटात मुख्य भूमिका केली कुणी?

६. तुमच्या मते सगळ्यात मोठी चूक कोणती?

डोनाल्ड सदरलंड, 'ऑर्डिनरी पीपल' (१९८०).

थोरला मुलगा गेल्यावर एक घर आतून कसं पोखरत जातं, त्याची ही गोष्ट. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, रॉबर्ट रेडफर्डला दिग्दर्शनाचा, मुलाचं काम करणाऱ्या टिमथी हटनला सहायक अभिनेत्याचा. खरं तर हटनची भूमिका मुख्यच आहे (प्रश्न ५). मेरी टायलर मूर आणि जड हर्श यांना नामांकनं मिळाली. बापाचं काम करणारा सदरलंड तेवढा राहिला.

असं का व्हावं? मुलगा कोसळतो, आई गोठते, मानसोपचारतज्ज्ञ खडसावतो. बाप काय करतो? तो समजूत घालतो. वाक्य सुरू करतो आणि अर्ध्यात सोडतो, बायकोचा चेहरा वाचून विषय बदलतो, जेवणाच्या टेबलावर उगाच हसतो. ही सगळी कामं डोळ्यांना न दिसणारी आहेत. शेवटाकडे तो रात्री अंधारात टेबलाशी एकटा रडत बसलेला असतो. बायको खाली येते. तो तिला सांगतो की आपलं तिच्यावर प्रेम उरलंय की नाही हेच आता कळत नाही. आवाज चढत नाही, हात हलत नाहीत. आपण आत्ता काय बोलून बसलो, याचा अंदाज त्याला बोलता बोलता येत जातो, आणि ते आपल्याला दिसतं.

न्यायाने हेही सांगायला हवं की त्या वर्षी मुख्य अभिनेत्याच्या यादीत रॉबर्ट डी नीरो, रॉबर्ट डुव्हाल, जॉन हर्ट, जॅक लेमन आणि पीटर ओ'टूल होते. डी नीरोने 'रेजिंग बुल'साठी वजन वाढवलेलं, हर्टचा चेहरा 'द एलिफंट मॅन'मध्ये रंगभूषेखाली पूर्ण झाकलेला. अशा कष्टांपुढे स्वेटर घालून गप्प बसणारा बाप कुणाच्या पहिल्या पसंतीला येणार?

दुसरं नाव अँथनी पर्किन्स, 'सायको' (१९६०). हिचकॉकला नामांकन, जॅनेट लीला नामांकन, पर्किन्सला नाही. गुप्तहेर मोटेलची नोंदवही चाळत असतो तेव्हाचं त्याचं काम पुन्हा पाहा. कॅमेरा खाली आहे, पर्किन्स वहीवर मान वाकवतो, आणि पडद्यावर त्याचा गळा दिसतो, गोळ्या चघळताना हलणारा. चेहरा जवळजवळ नाहीच. एका गळ्यावर भीती दाखवणारा नट यादीत बसत नसेल, तर गडबड यादीत आहे.

७. भयपट आणि विनोदी चित्रपटांतल्या कामांना नामांकन मिळतच नाही का?

मिळतं, पण उशिरा आणि मोजकं. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज', 'मिझरी' ही ठळक उदाहरणं; अलीकडे 'द सबस्टन्स'साठी (२०२४) डेमी मूर यादीत आली. दुसऱ्या बाजूची रांग मात्र लांब आहे. 'रोझमेरीज बेबी'त (१९६८) रूथ गॉर्डन सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार घेऊन गेली आणि पूर्ण चित्रपट पेलणाऱ्या मिया फॅरोला नामांकनही नाही. 'हेरेडिटरी'मधली (२०१८) टोनी कोलेट, 'अस'मधली (२०१९) लुपिता न्योंगो, दोघी बाहेर. न्योंगोने तर एकाच चित्रपटात दोन बाया उभ्या केल्या होत्या, त्याही एकमेकींच्या जिवावर उठलेल्या.

विनोदाचं दुखणं वेगळं आहे. चांगला विनोदी अभिनय सहज वाटावा लागतो, आणि सहज वाटलेल्या कामाला कुणी पहिली पसंती देत नाही. 'ग्राउंडहॉग डे'मध्ये (१९९३) बिल मरे एकच दिवस पुन्हा पुन्हा जगतो आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांतला वैताग वेगळ्या जातीचा असतो. चित्रपटाला एकही नामांकन नव्हतं. जिम कॅरीने तर 'द ट्रूमन शो' (१९९८) आणि 'मॅन ऑन द मून' (१९९९) अशी लागोपाठ दोन गोल्डन ग्लोब जिंकली. ऑस्करला दोन्ही वेळा नाव नाही.

८. समीक्षकांचे सगळे पुरस्कार मिळाले तर नामांकन पक्कं समजायचं का?

अजिबात नाही. न्यूयॉर्कचं समीक्षक मंडळ, लॉस एंजेलिसची समीक्षक संघटना आणि अमेरिकेची राष्ट्रीय समीक्षक सोसायटी, या तिघांनीही गौरवलेली ही तीन नावं पाहा: सॅली हॉकिन्स ('हॅपी-गो-लकी', २००८), ईथन हॉक ('फर्स्ट रिफॉर्म्ड', २०१८), मारियन जाँ-बाप्टिस्ट ('हार्ड ट्रुथ्स', २०२४). ऑस्करच्या यादीत तिघेही नाहीत. हॉकिन्सकडे शिवाय बर्लिन महोत्सवाचा रौप्य अस्वल पुरस्कार आणि गोल्डन ग्लोबही होतं.

समीक्षक वर्षभर चित्रपट पाहतात, त्यांच्या मतदानात चर्चा होते. नट आपापल्या चित्रीकरणातून वेळ काढून जे हाताशी येईल ते पाहतात. छोट्या वितरकाचा चित्रपट त्यांच्या हाताशी येईलच असं नाही. त्यावरून पुढचा प्रश्न.

९. म्हणजे पैसे ओतून प्रचार केला की नामांकन मिळतं?

पैसा मतं विकत घेत नाही. चित्रपट पाहिला जाईल याची सोय करतो. खास खेळ, प्रश्नोत्तरं, जाहिराती, मुलाखती, हे सगळं त्यासाठीच.

पैशाशिवायही जमतं, हे अँड्रिया राइजबरोने दाखवलं. 'टू लेस्ली' (२०२२) पहिल्या खेपेला तिकीटबारीवर जेमतेम २७ हजार डॉलर कमावून गेला होता. मतदान सुरू व्हायच्या सुमारास मोठमोठ्या नटांनी समाजमाध्यमांवर तिची बाजू लावून धरली आणि ती यादीत आली. गदारोळ झाला. अकादमीने चौकशी केली, प्रचाराच्या काही प्रकारांवर नाराजी नोंदवली, नामांकन कायम ठेवलं. त्याच वर्षी 'टिल'मधली डॅनिएल डेडवायलर आणि 'द वुमन किंग'मधली व्हायोला डेव्हिस या कृष्णवर्णीय अभिनेत्री बाहेर राहिल्या, त्यामुळे वादाला वर्णाची धार आली. राइजबरोचं काम उत्तम आहे, यात वाद नाही. पण कुणाच्या फोनमध्ये कुणाचे नंबर आहेत, हेही या खेळात मोजलं जातं, ते त्या वर्षी उघड्यावर आलं.

१०. सगळं मोजणीवर ढकलता, पण वर्णभेदाचं काय?

बरोबर, मोजणीने सगळं उलगडत नाही. २०१४ आणि २०१५, सलग दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्या कलाकारांना मिळाली. 'सेल्मा' सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत होता, मार्टिन ल्यूथर किंग उभा करणारा डेव्हिड ओयेलोवो नव्हता. पुढच्या वर्षी 'बीस्ट्स ऑफ नो नेशन'साठी इद्रिस एल्बाला अमेरिकेच्या नटांच्या संघटनेने सहायक अभिनेत्याचा पुरस्कार दिला, ऑस्करने नामांकनही दिलं नाही. 'क्रीड'मधून नामांकन मिळालं ते सिल्व्हेस्टर स्टॅलोनला, मायकेल बी. जॉर्डन पाहत राहिला.

'ऑस्कर्स सो व्हाइट' हा हॅशटॅग जानेवारी २०१५ चा. वर्षभराने अकादमीने स्त्रिया आणि गौरेतर सभासदांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करायचं ठरवलं, आणि बाहेरच्या देशांतून मोठ्या प्रमाणावर सभासद घेतले. कोटा तोच राहिला, मतदार बदलले आणि याद्याही बदलू लागल्या. म्हणजे मतपेटीमागे कोण उभं आहे, याला महत्त्व होतंच.

११. इंग्रजी नसलेल्या चित्रपटातल्या नटाला नामांकन मिळू शकतं का? भारतीय चित्रपटांना?

नियमाची आडकाठी नाही. 'टू विमेन'साठी सोफिया लोरेनने १९६२ च्या सोहळ्यात पुरस्कार घेतला. इंग्रजीतर भाषेतल्या कामाला मिळालेलं ते पहिलं अभिनयाचं ऑस्कर. त्यानंतर रोबेर्तो बेनीन्यी, मारियाँ कोतियार यांनीही जिंकलं.

पण नावं पाहा, बहुतेक युरोपीय. 'द लास्ट एम्परर'ने (१९८७) नऊपैकी नऊ ऑस्कर घेतले, अभिनयाचं नामांकन शून्य. 'स्लमडॉग मिलियनेअर'ला (२००८) आठ ऑस्कर, अभिनयाचं नामांकन शून्य; हा तर ब्रिटिश चित्रपट, काम करणारे भारतीय चेहऱ्याचे. 'पॅरासाइट'ने (२०१९) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला, नटांच्या संघटनेने त्याच्या संपूर्ण चमूला पुरस्कार दिला, आणि ऑस्करच्या चार याद्यांत त्यातलं एकही नाव नव्हतं. चित्रपट थोर, दिग्दर्शक थोर, आणि नट जणू आपोआप तसे वागले!

भारतीय चित्रपटांबाबत एक गैरसमज दूर करू. भारताची अधिकृत प्रवेशिका जाते ती आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या पुरस्कारासाठी. अभिनयासाठी चित्रपट अमेरिकेतल्या ठरावीक महानगरांपैकी एकात किमान सात दिवस चित्रपटगृहात चालावा लागतो. 'आरआरआर' भारताची अधिकृत प्रवेशिका नव्हता. त्या वर्षी 'छेल्लो शो' गेला होता. तरीही 'आरआरआर'ला गाण्याचं ऑस्कर मिळालं, ते या दुसऱ्या वाटेने. भारतीय भाषेतल्या कामाला अभिनयाचं नामांकन आजवर मिळालेलं नाही.

१२. नुसता आवाज, संगणकाने बदललेला चेहरा किंवा दुसऱ्याने गायलेलं गाणं असेल तर?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आवाज: 'हर'मध्ये (२०१३) स्कार्लेट योहान्सन एकदाही दिसत नाही. रोम महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, गोल्डन ग्लोबने ती स्पर्धेसाठीच पात्र नाही म्हटलं, ऑस्करच्या यादीत ती आली नाही.

संगणक: 'द टू टॉवर्स'मधला (२००२) गॉलम म्हणजे अँडी सर्किसचं शरीर, आवाज आणि तडफड. मतदारांना त्यात नट कुठे संपतो आणि संगणक कुठे सुरू होतो ते ठरवता आलं नाही.

गाणं: नियम असा की सगळे संवाद दुसऱ्याने म्हटले असतील तर नट अपात्र. गाणं दुसऱ्याने गायल्याने अपात्र ठरत नाही, भूमिकेत गाण्याखेरीज काहीच नसेल तर गोष्ट वेगळी. तरीही 'माय फेअर लेडी'ला (१९६४) बारा नामांकनं असताना ऑड्री हेपबर्नचं नाव नव्हतं, आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली होती, हेच कारण सगळे सांगतात. मग 'द किंग अँड आय'साठी (१९५६) डेबोरा करला नामांकन कसं मिळालं? तिच्यासाठीही मार्नी निक्सनच गायली होती. हेपबर्नवर राग होता तो आवाजापेक्षा जागेचा. रंगभूमीवर ती भूमिका गाजवणाऱ्या ज्युली अँड्र्यूजला चित्रपटात घेतलं नव्हतं. अँड्र्यूजने त्याच वर्षी 'मेरी पॉपिन्स'साठी ऑस्कर घेतलं.

१३. असं कधी झालंय का, की काम गाजलं पण नियमानेच बाद?

झालंय. 'द लास्ट सिडक्शन' (१९९४) चित्रपटगृहाआधी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, म्हणून अपात्र. लिंडा फिओरेंटिनोला न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं होतं. याला डावलणं म्हणता येणार नाही. मतदारांना संधीच मिळाली नाही.

१४. यादीत नसलेलं नाव मतपत्रिकेवर लिहून जिंकवता येतं का?

आता नाही. एकेकाळी येत होतं. 'ऑफ ह्युमन बाँडेज'साठी (१९३४) बेट डेव्हिसला नामांकन मिळालं नाही, तेव्हा इतकी ओरड झाली की अकादमीने नाव लिहायची मुभा दिली. डेव्हिस तरीही जिंकली नाही. पुरस्कार क्लॉडेट कोल्बर्टला गेला. पुढच्या वर्षी याच मुभेतून छायाचित्रकार हॅल मोहर जिंकला. मग ही वाट बंद झाली.

१५. झालेली चूक पुढे भरून काढतात का?

काढतात, आणि त्यातून नवी चूक करतात. बेट डेव्हिसला पुढच्याच वर्षी 'डेंजरस'साठी ऑस्कर मिळालं. ते आदल्या वर्षीचं ऋण होतं, असं तेव्हापासून मानलं जातं. 'साइडवेज'मध्ये (२००४) सोबतच्या दोघांना नामांकनं मिळाली आणि मुख्य भूमिकेतला पॉल जियामाटी राहिला. पुढच्या वर्षी 'सिंड्रेला मॅन'साठी तो सहायकाच्या यादीत आला. जुनी बाकी फेडताना त्या वर्षीच्या कुणाची तरी जागा जाते.

दुसरा उपाय मानद ऑस्कर. मर्ना लॉयला १९९१ मध्ये आणि सदरलंडला २०१७ मध्ये ते मिळालं. दोघांनाही आयुष्यात एकही नामांकन नव्हतं. एडवर्ड जी. रॉबिन्सनच्या वाट्याला १९७३ चा मानद पुरस्कार आला, पण सोहळ्याआधी दोन महिने तो वारला होता. मेरिलिन मन्रोला नामांकनही नाही आणि मानदही नाही.

१६. सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय मत देता येणार नाही, असा नियम आलाय ना? मग हे थांबेल?

नियम एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला, पण तो अंतिम फेरीपुरता आहे: ज्या पुरस्कारासाठी मत द्यायचं, त्यातले नामांकित चित्रपट पाहिलेले हवेत. नामांकनं ठरवताना तो लागू नाही, आणि शेकडो पात्र चित्रपट पाहण्याची सक्ती करणार तरी कशी? हरणाऱ्यांना थोडा न्याय मिळेल. यादीबाहेर राहणाऱ्यांना या नियमाचा उपयोग नाही.

१७. अमुक नट 'एका मताने हुकला' असं वाचलं. हे आकडे कुठे मिळतात?

मिळत नाहीत. हिशेबनीसांची संस्था मोजते आणि आकडे बाहेर येत नाहीत. १९६८ साठी कॅथरिन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसँड यांना प्रत्येकी ३,०३० मतं पडल्याचं सांगितलं जातं. असे अपवाद विरळा. तेही विजेत्यांचे. सहावा कोण होता हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ती ऐकीव गोष्ट समजा.